कल्हईतील अभिवाह
तांब्यापितळेच्या भांड्यात ताक, आमटी असे आंबट पदार्थ कळकू नयेत म्हणून आतून कथलाचा लेप देतात, त्यास कल्हई म्हणतात. लेप देताना धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करणारा पदार्थ म्हणजे अभिवाह. महाराष्ट्रातील कल्हईवाले त्यासाठी नवसागर (अमोनियम क्लोराइड) वापरत आले आहेत.

कथील २३२° से. तापमानाला वितळते. मात्र तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडाचा काळा थर धरतो, आणि त्यावर कथील पसरत नाही. थेंब होऊन घरंगळते. तापल्या भांड्यात नवसागराची पूड टाकली की तिच्यातून अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड हे वायू सुटतात. हायड्रोजन क्लोराइडामुळे काळा थर सुटतो, आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलेले कथील उघड्या धातूला घट्ट धरते. भट्टीवरचा दाट पांढरा धूर म्हणजे हे वायू पुन्हा एकत्र येऊन झालेला नवसागरच होय. तो डोळ्यांना व घशाला झोंबतो, म्हणून हे काम उघड्यावर करणेच बरे. सोनाराचा टाकणखार येथे निरुपयोगी ठरतो, कारण तो वितळण्यास ७०० अंशांहून अधिक उष्णता लागते. राळ डाखकामाला उत्तम, पण भांड्यात तिचा चिकट थर राहतो.

अभिवाहाने मळ जातो, भेसळ जात नाही. कथलात स्वस्त शिसे मिसळले तरी लेप चकाकतो, आणि आंबट अन्नातून ते विषारी शिसे पोटात जाते. शुद्ध कथलाची कांडी वाकवली असता करकर आवाज येतो. शिशाची मुकाट्याने वाकते.