चॅम्पियनच चांगला कोच होतो का? स्टाफ ट्रेन करण्याआधी हे वाचा



एक प्रश्न मला सारखा येतो. "सर, तुमचं स्वतःचं एकच दुकान आहे. मग धंदा तुमच्याकडून का शिकायचा?" पहिल्यांदा ऐकला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न रास्त आहे. आणि त्याचं उत्तर मला एका भलत्याच ठिकाणी सापडलं, एमएमएच्या लढतींमध्ये.

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंग, कुस्ती, किक, जुजुत्सू, सगळं एकाच लढतीत. यूएफसी या सगळ्यात मोठ्या स्पर्धेत आठ बाजूंची जाळी असते, पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्यांमध्ये फक्त एक मिनिट विश्रांती. त्या एका मिनिटात पाणी, बर्फ, श्वास आणि कोचची एक-दोन वाक्यं. बास. ती वाक्यं कोण चांगली सांगेल? ज्याने स्वतः बेल्ट जिंकलाय तो, असंच वाटतं ना?

कोच कोण होते, ते बघा

जॉर्ज सेंट-पिएर हा कॅनडाचा फायटर, दोन वजनगटांत चॅम्पियन. त्याला घडवणाऱ्यांत दोन मोठी नावं आहेत. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीचा ग्रेग जॅक्सन आणि मॉन्ट्रियलच्या ट्रायस्टार जिमचा फिरास झहाबी. दोघांपैकी कुणीही नावाजलेला एमएमए फायटर नव्हता.

आता डब्लिनचा जॉन कॅव्हानाघ. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. व्यावसायिक लढती मोजक्याच, त्यातल्याही काही हरलेला. पण त्याच्याकडे प्लंबिंगचं काम शिकणारा एक पोरगा आला, कॉनर मॅकग्रेगर. नोव्हेंबर 2016 मध्ये हाच मॅकग्रेगर यूएफसीचे दोन वजनगटांतले बेल्ट एकाच वेळी धरणारा पहिला फायटर झाला.

असं का होतं? मला वाटतं, मोठ्या फायटरच्या अंगात कला इतकी भिनलेली असते की ती त्यालाच दिसत नाही. ठोसा आला की तो वाकतो. "कधी वाकायचं?" विचारलं तर म्हणेल, "कळतं रे आपोआप." त्याला कळतं, शिकणाऱ्याला कसं कळणार? ज्याला एक-एक डाव चार-चार वेळा चुकून शिकावा लागला, त्याला मात्र रस्त्यातला प्रत्येक खड्डा पाठ असतो.

पण उलटा अर्थ काढू नका

हरलेला माणूस म्हणजे चांगला कोच, असंही नाही. या तिघांनी मॅटवर वर्षानुवर्षं घाम गाळलाय. आणि मोठा फायटर मोठा कोच झाल्याचंही उदाहरण आहे. दागेस्तानचा खबीब नुरमागोमेदोव 29 लढती जिंकून, एकही न हरता ऑक्टोबर 2020 मध्ये निवृत्त झाला. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2022 मध्ये, अबू धाबीत त्याचा साथीदार इस्लाम माखाचेव चार्ल्स ऑलिव्हेराला हरवून चॅम्पियन झाला, तेव्हा कोच म्हणून कोपऱ्यात खबीबच होता.

त्याला हे कसं जमलं? त्याचे वडील अब्दुलमनाप हेच त्याचे कोच होते. इस्लामही त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. म्हणजे खबीबने लहानपणापासून फक्त लढणं पाहिलं नाही, दुसऱ्याला तयार कसं करतात तेही रोज घरात पाहिलं. त्याच्याकडे दोन वेगळी कामं होती आणि दोन्ही तो शिकला होता.

माझ्या दुकानात काय झालं

माझं साड्यांचं दुकान. एका लग्नसराईआधी मी दोन नवीन मुलं घेतली आणि शिकवायला दिली आमच्या हुकमी एक्क्याकडे, दुकानातल्या नंबर एक सेल्समनकडे. तो म्हणाला, "माझ्याकडे बघत राहा, येईल." मुलं महिनाभर बघत राहिली. गिऱ्हाईक आलं की तीस-तीस साड्यांच्या घड्या मोडायची, गिऱ्हाईक गोंधळायचं आणि "जरा बघून येते" म्हणून निघून जायचं. मग एक्का वैतागून मुलांना बाजूला सारायचा आणि स्वतः साडी विकून मोकळा व्हायचा.

त्यातला एक मुलगा नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला, "सर, मला हे काम जमणारच नाही." मित्रांनो, ते वाक्य अजून टोचतं. त्याला जमत नव्हतं असं नाही, आम्ही शिकवलंच नव्हतं. चूक माझी होती.

दुसऱ्या मुलाला मग मी आमच्या एका ताईंकडे दिलं. ताईंचा सेल मध्यम. पण त्यांनी त्याला चारच गोष्टी सांगितल्या. आधी विचार, साडी कुणासाठी आणि कोणत्या कार्यक्रमाला. बजेट तोंडावर विचारू नको, मधल्या किमतीची दाखव आणि चेहरा बघ. एका वेळी तीनपेक्षा जास्त घड्या मोडू नको. ज्या साडीला गिऱ्हाईक पुन्हा हात लावेल, ती बाजूला काढून ठेव. गिऱ्हाईक असताना ताई मध्ये बोलायच्या नाहीत. गेल्यावर एकच चूक सांगायच्या, एकच! दिवाळीत त्या मुलाने काउंटर एकट्याने सांभाळला.

मग तुम्ही काय करायचं?

एक, सगळ्यात जास्त विकणाऱ्याला डोळे झाकून मॅनेजर किंवा ट्रेनर करू नका. आधी एका नवीन मुलाला पंधरा दिवस त्याच्या हाताखाली द्या आणि मुलगा किती पुढे गेला ते मोजा.

दोन, दुकानातले चॅम्पियन तुम्ही स्वतः असाल, तर तुमच्या डोक्यातलं कागदावर उतरवा. "बघून शीक" ही ट्रेनिंग नाही.

तीन, महागडा कोर्स घेताना फक्त गुरूची गाडी आणि टर्नओव्हर बघू नका. त्याच्याकडे शिकलेले किती जण आज स्वतःच्या पायावर उभे आहेत, ते विचारा. दोघा-तिघांना फोन करा.

हा शेवटचा प्रश्न मलाही विचारा. माझं दुकान एकच आहे, ते मोजून उत्तर मिळणार नाही. माझ्याकडून शिकून तुमचं दुकान चाललं का, हे मोजा. नाही चाललं, तर मी कोच म्हणून नापास.

आजचा गृहपाठ: रात्री शटर ओढल्यावर एक वही घ्या. तुम्ही गिऱ्हाईक कसं हाताळता, त्याच्या फक्त चार पायऱ्या लिहा. उद्या सकाळी त्या स्टाफमधल्या सगळ्यात नवीन माणसाला वाचायला द्या. त्याला कळल्या नाहीत तर पुन्हा लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!