शंकरपट आणि कॅमेरा

कापसाची वेचणी उरकत आली, की आपल्या यवतमाळकडे आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरला शंकरपटाचे वेध लागतात. जोडी सुटली, की शेकडो मोबाइल वर होतात. आणि घरी येऊन पाहावे, तर बैलाच्या जागी पुसट पांढरा पट्टा, नाहीतर नुसती धूळ! दोष बहुधा यंत्राचा नसतो.

हिशेब करून पाहा. जोडी ताशी 36 किलोमीटर वेगाने धावली, तर सेकंदाला 10 मीटर जाते. शटर सेकंदाचा शंभरावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्यात बैल 10 सेंटीमीटर पुढे सरकतो. हजारावा भाग ठेवले, तर एकच सेंटीमीटर. 1878 साली अमेरिकेत मायब्रिज यांनी बारा कॅमेरे ओळीने मांडून, धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवले, ते असल्याच झटपट शटरने.

पण त्यात एक गंमत होते. चाकाचा आरा न् आरा मोजता येतो आणि छकडा उभाच आहे असे वाटते! वेग दाखवायचा, तर उलट करावे. शटर साठाव्या भागावर आणावे, पटाच्या बाजूला दोरीबाहेर उभे राहावे, पाय रोवून कमरेतून वळत बैलाचे तोंड चौकटीत एकाच जागी धरावे. चालत्या हातानेच बटण दाबावे आणि दाबल्यावरही हात थांबवू नये. इथेच बहुतेकांचे चुकते. जमले, तर बैल स्वच्छ येतो आणि मागची गर्दी वाहून गेल्यासारखी दिसते. मोटारींच्या शर्यती टिपणारेही हेच करतात.

मग झटपट शटर केव्हा? धुरकऱ्याचा हात टिपताना. सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी राज्याचा कायदा कायम ठेवला. काठी, चाबूक यांना बंदी आहे. आता पुसट चित्रात हातातला कासराही चाबकासारखा दिसतो, आणि खरा चाबूक असला तर तोही धुळीत लपतो. म्हणजे निर्दोष माणसावर आळ, नाहीतर मुक्या जनावराचा मार झाकला जायचा. असे चित्र हजाराव्या भागानेच घ्यावे.

शेवटच्या रेषेपुढे मात्र उभे राहू नका. बैल तिथे लगेच थांबत नाहीत. फ्लॅशही नको, जनावर बुजते.

गुरुजी, सरावाला पट लागत नाही. शाळेच्या मैदानात एखाद्या पोराला सायकलवर फेऱ्या मारायला सांगा आणि बाकीच्यांना एका रेषेत उभे करा. मोबाइलमध्ये शटर हाताने बदलता येत असेल, तर एक फेरी साठाव्या भागाने, एक हजाराव्याने टिपू द्या. मग चित्रे शेजारी ठेवून चाकाचे आरे मोजायला लावा.