विहिरीवरचं जुनं इंजिन बाहेरगावी पाठवायचंय? आधी हे वाचा



कांद्याचा सल्ला सोडून आज इंजिनाचं काय काढलं, असं काही जण म्हणतील. गेल्या पंधरा दिवसांत मला करप्याच्या फवारणीपेक्षा जास्त फोन एकाच प्रश्नाचे आले. "सर, सोलर बसला. डिझेल इंजिन पडून आहे. गिऱ्हाईक मिळालंय, पण लांबचं आहे. पाठवायचं कसं?" ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत १० टक्के हिस्सा भरून (अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के) पंप बसवलेले आपल्यात बरेच सभासद आहेत. त्यांची चालू इंजिनं शेडमध्ये गंजत पडलीत. भंगारवाला किलोवर मागतो, आणि चालू इंजिन भंगारात घालायला मन होत नाही.

आमच्या घरचंच सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन वैजापूरकडच्या एका शेतकऱ्याला विकलं. एका हँडलात सुरू होणारं. वडील म्हणाले, जुन्या टायरवर आडवं टाक, दोर आवळ, काही होत नाही. मी तेच केलं. येवल्याच्या पुढे गाडी खड्ड्यात आदळली आणि इंजिन टायरवरून उसळून फाळक्यावर गेलं. डिझेल पंपाचा पाइप मोडला, इंजिनाचा एक पाय तडकला, आत राहिलेलं ऑईल गाडीभर झालं. घेणाऱ्याने ठरल्या किमतीतून साडेतीन हजार कापले. त्याचं चुकलं नव्हतं. पिकअपवाल्याचंही फार नव्हतं. बांधणी माझी होती.

इंजिनाची बॉडी बिडाची. बीड ओझं सोसतं, ठोका सोसत नाही. वेल्डिंगवाला बिडाला हात लावायला नाखूश असतो, आणि लावला तरी तो सांधा पहिल्यासारखा होईल याचा भरवसा नाही. म्हणून बांधणीवर खर्च केलेले पाच-सातशे रुपये जास्त वाटू देऊ नका.

*आधी भाड्याचं*

भाडं किलोवर ठरतं असं आपण धरून चालतो. खरं तर ते गाडी कोणत्या दिशेला रिकामी चाललीय यावर जास्त ठरतं. स्वतंत्र गाडी केली की जाण्याचं आणि रिकामं परत येण्याचं, दोन्ही डिझेल आपल्या माथी. समजा इंजिन १२,००० ला गेलं आणि गाडीवाल्याने ३,५०० घेतले, वर हमाली. मग भंगारवाल्याचा भाव आणि आपल्या हातात राहिलेले पैसे यात फार फरक उरत नाही. माझा हिशोब असा: भाडं, दोन्हीकडची हमाली आणि बांधणीचं सामान मिळून इंजिनाच्या किमतीच्या चौथ्या हिश्शाच्या वर जात असेल, तर दोन पैसे कमी घेऊन जवळच्यालाच द्यावं.

या बाबतीत आपलं गाव सोयीचं आहे. विंचूरच्या उपबाजारात आणि लासलगावला लिलावाच्या दिवशी येवला, वैजापूर, कोपरगाव, चांदवड, नांदगाव या बाजूंनी कांद्याचे पिकअप येतात. लिलाव झाला, खळ्यावर माल खाली केला, की त्यातले बहुतेक रिकामे परत जातात. त्या गाडीवाल्याला डिझेलपुरते पैसे मिळाले तरी तो खूश असतो. आपलं इंजिन ज्या बाजूला जायचंय त्या बाजूचा पिकअप बाजारात सकाळीच गाठा, भाव ठरवा आणि दुपारी भरा. एक सांभाळायचं: घाईत असलेल्या गाडीत इंजिन चढवू नका. शेतकऱ्याचे पैसे मिळायचे असतील तर गाडी तासभर थांबतेच, त्या वेळात काम होतं.

उलट दिशेचा हिशोब वेगळा. कांदा भरायला परराज्यातून किंवा मुंबई-गुजरातकडून येणारे मोठे ट्रक इकडे येताना बऱ्याचदा मोकळे असतात. बाहेरून इंजिन *आणायचं* असेल तर तेच स्वस्त पडतात. राजकोटकडून जुनं इंजिन आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पण तेच ट्रक इथून जाताना कांद्याने भरलेले असतात. "कडेला टाकतो, जागा आहे" असं ड्रायव्हर म्हणाला तरी त्यात इंजिन देऊ नका. डिझेलचा वास आणि ऑईलचा डाग गोणीला लागला की व्यापारी माल काढायला लावतो, आणि भांडण आपल्या दारात येतं. द्राक्षाच्या क्रेटसोबत तर नावच काढू नका.

*वजन आणि रिकामं करणं*

पाच हॉर्सपॉवरचं हायस्पीड इंजिन साधारण सव्वाशे ते दीडशे किलो भरतं. खाली लोखंडी फ्रेम आणि पंप जोडलेला असेल तर दोनशेच्या वर जातं. मोठ्या चाकांची जुनी स्लो-स्पीड इंजिनं, ज्यांना आपल्याकडे अजून लिस्टर म्हणतात, ती तीनशेच्याही वर. (मूळ लिस्टर इंग्लंडमधल्या डर्स्ली गावचं, १९३० च्या सुमाराचं, त्याच धर्तीवर राजकोटला पुढे कितीतरी वर्षं इंजिनं निघत राहिली.) अंदाजाने वजन सांगू नका. कंपनीच्या काट्यावर आणा, पावती घ्या. वजन कमी सांगून चढवताना माणसं कमी बोलावली की बोटं चेपतात.

आदल्या दिवशी इंजिन दहा मिनिटं चालवा. घेणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर दाखवायचं असेल तर तेव्हाच दाखवा, नंबर प्लेटही दाखवा. मग गरम आहे तोवर खालचा नट काढून ऑईल ड्रममध्ये उतरवा; गार ऑईल बुडाशी चिकटून राहतं आणि वाटेत गळतं. ते ऑईल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नका, जुनं ऑईल विकत घेणारे येतात. डिझेल पूर्ण काढा. जॅकेटमधलं पाणीही काढा, महिनाभर तसंच राहिलं तर आतून गंज धरतो.

त्यानंतर बाहेर आलेलं सगळं उतरवा: डिझेल टाकी, सायलेन्सर, एअर फिल्टर, हँडल. हे सगळं रंगाच्या जुन्या बादलीत, त्यावर चिठ्ठी, आणि बादली इंजिनाच्याच लाकडाला बांधलेली. वेगळी दिली की वेगळीच पोचते. उघड्या तोंडांवर प्लॅस्टिक घालून बाहेरून तार किंवा ट्यूबची रबरपट्टी गुंडाळा. आत चिंधी कोंबू नका. काढायची राहिली तर सुरू करताना इंजिन ती आत ओढतं आणि मग व्हॉल्व्हचं काम निघतं.

मोठं फ्लायव्हील मात्र घरी काढायला जाऊ नका. ते चावीवर बसलेलं असतं. घण मारून काढताना शाफ्ट वाकवलेले लोक मला माहीत आहेत. मेकॅनिकला काढू द्या, नाहीतर राहू द्या आणि दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर मारून ते फिरणार नाही असं करा.

*लाकडी बैठक*

सगळ्यात महत्त्वाचं हेच. चार बाय चार इंचाचे बाभळीचे किंवा कडुनिंबाचे दोन ओंडके घ्या, इंजिनापेक्षा फूटभर लांब. दोन्ही टोकांना आडव्या फळ्या बोल्टने आवळा. इंजिनाच्या पायांना जी चार भोकं असतात, ज्यांतून ते विहिरीवर काँक्रीटला बसवलेलं असतं, त्यांतूनच आरपार बोल्ट घालून इंजिन या ओंडक्यांवर उभं आवळा. खाली मोठा वॉशर. खिळे चालत नाहीत, हादऱ्याने उपसतात. ओंडक्यांमुळे खाली चार इंच मोकळं राहतं. पहार घालता येते, पाइपांवर ढकलता येतं, आणि तिकडे उतरवतानाही कमी माणसांत काम होतं. हमालीत वाचतात ते पैसे इथेच.

इंजिन नेहमी उभंच न्यायचं, जसं ते चालतं तसं. टायर उतरवताना खाली ठेवायला चांगला, प्रवासाला नाही. तो उसळतो, हे मी पैसे मोजून शिकलोय.

चढवायला चेनपुली मिळाली तर उत्तम. नसेल तर दोन जाड फळ्यांचा उतार करून, ओंडक्यांखाली पाइपाचे तुकडे घालून वर ओढा, मागून ढकलू नका. *उताराच्या खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही.* दीडशे किलो घसरायला लागलं तर हाताने थांबत नाही, आणि आपला पहिला हात नेमका तिकडेच जातो. जेसीबीने उचलताना साखळी वरच्या हुकातून किंवा बुडाखालून घ्या. पाइप, टाकीचा ब्रॅकेट, रॉकर कव्हर यांना साखळी लावायची नाही. पोरांना लांब ठेवा.

गाडीत इंजिन केबिनच्या लगत, मधोमध. मागच्या फाळक्याजवळ ठेवलं तर प्रत्येक खड्ड्याला तिथे जास्त उसळी बसते. दोर इंजिनाला न बांधता ओंडक्यांना बांधा, चारही कोपऱ्यांतून चार दिशांना. रॅचेटचा पट्टा असेल तर चांगलंच. नायलॉनचा दोर ताणतो, म्हणून दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळायला ड्रायव्हरला सांगा. सांगितलं की विसरतात; निघाल्यावर अर्ध्या तासाने फोन करा.

*कागद*

ओळखीच्या पिकअपमध्येही एक साधी चिठ्ठी असू द्या: जुने वापरलेले डिझेल इंजिन, १ नग, सुटे भाग १ बादली, डिझेल-ऑईल काढलेले, इंजिन नंबर, वजन, किंमत, पाठवणारा, घेणारा. गाडीत ठेवल्यावर चारही बाजूंनी फोटो काढा.

लांब पाठवायचं तर नाशिकच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे पार्ट लोडमध्ये द्यावं लागतं. तिथे भाव विचारताना नुसता किलोचा दर विचारू नका. बिल्टीचा चार्ज, दोन्हीकडची हमाली, आणि माल त्यांच्या गोडाऊनमध्ये घ्यायचा की दारात, हे सगळं धरून एकच आकडा घ्या. गोडाऊनमधून उचलायला उशीर झाला तर डेमरेज लागतं, ते घेणाऱ्याला आधीच सांगून ठेवा.

बिल्टीवर किंमत खरी लिहा. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आणि त्याचे २०११ चे नियम असं सांगतात की जास्त किंमत जाहीर करून त्याचा जादा दर भरला नसेल, तर नुकसानीत वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटीपर्यंतच. म्हणजे भाडं १,२०० असेल तर १२,००० पर्यंत, इंजिन २५,००० चं असलं तरी. आणि बिल्टीवर कमी किंमत टाकली असेल तर तेवढीच. दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. घेणाऱ्याला सांगा: तुटफूट दिसली तर सही करण्याआधी पोच-पावतीवर तसं लिहायचं, फोटो काढायचा, मगच सही.

चार-पाच जणांची इंजिनं मिळून एकाच बिल्टीवर परराज्यात चालली आणि किंमत ५०,००० च्या वर गेली तर ई-वे बिलाचा प्रश्न येतो. गाडी निघण्याआधी ट्रान्सपोर्टवाल्याकडून करून घ्या. रेल्वे पार्सलचंही काहींनी विचारलं. मनमाड किंवा नाशिकरोडला नेणं, तिथे चढवणं, पलीकडे उतरवणं यात दोन हमाल्या वाढतात. शे-दोनशे किलोमीटरसाठी मला तरी ते परवडणारं दिसत नाही.

ट्रॅक्टरचं उतरवलेलं इंजिन विकणाऱ्यांनी थांबा. त्याचा नंबर आरसी बुकात असतो. आरटीओत विचारल्याशिवाय ते देऊही नका आणि घेऊही नका.

आता आपल्या कामाचं. येवला-वैजापूर बाजूला जाणारी तीन इंजिनं आत्ताच माझ्याकडे नोंदली आहेत. एकाच पिकअपमध्ये गेली तर भाडं तिघांत वाटलं जाईल. तुमचंही त्या बाजूला किंवा चांदवड-नांदगावकडे जाणारं असेल तर शनिवारपर्यंत याच नंबरवर "इंजिन" असं लिहून गाव, हॉर्सपॉवर, कुठे जायचंय आणि नंबर प्लेटचा फोटो पाठवा. ओंडके आणि बोल्ट कंपनीच्या ग्रेडिंग शेडवर एकत्र आणून ठेवतोय, खर्च होईल तेवढाच घेऊ. काका-दादांनो, इंजिन शेडवर आणताना ट्रॉलीत उभं आणा आणि ऑईल घरूनच काढून आणा, शेडमध्ये द्राक्षाचे क्रेट ठेवलेले आहेत.