चेंडू येण्याआधीची जागा

माझी भाची बास्केटबॉल खेळते आणि मी गझला लिहितो. या दोन गोष्टींची गाठ पडायचं तसं काही कारण नव्हतं. पण एका संध्याकाळी ती घरी आली, खांद्यावरची पिशवी खुर्चीत टाकली आणि म्हणाली, "मामू, तुम्ही मराठीत लिहिता ना? मग मला एक अर्ज लिहून द्या."

एका निवड चाचणीत तिचं नाव यादीत आलं नव्हतं. कारण विचारलं, तर तुझ्या नावावर गुण फार कमी आहेत, असं सांगण्यात आलं. ते खरंही होतं. चार सामन्यांत मिळून तिचे 11 गुण. "पण मी रिबाउंडचं काम करते," ती म्हणाली. मी कागद पुढे ओढला. "किती रिबाउंड घेतलेस?" तर तो आकडाही काही मोठा नव्हता. मी पेन खाली ठेवलं. तेव्हा ती वैतागून म्हणाली, "मी घेत नाही मामू. मी समोरच्या मुलीला घेऊ देत नाही."

आता हे अर्जात लिहायचं कसं? मी बी.ए. झालेला माणूस, आयुष्यभर शब्दांशी झटापट केली. पण न घडलेल्या गोष्टीचं श्रेय मागणारा अर्ज मी कधी लिहिला नव्हता. मग म्हटलं, आधी हा खेळ समजून घेऊ.

रिबाउंड म्हणजे फेक चुकल्यावर रिंगवरून किंवा मागच्या फळीवरून उसळून आलेला चेंडू मिळवणं. गंमत अशी, की हा खेळ सुरू झाला तेव्हा मागे फळीच नव्हती. 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि पोरांना खेळायला लावलं. टोपलीला बूड होतं. चेंडू आत पडला की शिडी लावून काढायचा. पुढे गॅलरीतले प्रेक्षक हात घालून चेंडू अडवू लागले, म्हणून मागे आडोसा आला. आधी तारेच्या जाळीचा, मग लाकडाचा. लोकांचे हात थोपवायला लावलेल्या त्या आडोशामुळे चुकलेला चेंडू परत मैदानात येऊ लागला, आणि त्याच्यासाठी झुंबड उडू लागली. (आमच्या नगरला 1831 साली काम सुरू करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनची मूळ संस्थाही त्याच राज्यातली, बोस्टनची. इथे बास्केटबॉलशी धागा जोडण्याचा मोह होतो, पण पुरावा हाती नाही, म्हणून जोडत नाही.)

चुकलेल्या चेंडूला एवढं महत्त्व का? कारण तो फार वेळा चुकतो. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत जगातले उत्तमोत्तम नेमबाज खेळतात. तिथेही निम्म्याहून थोड्या जास्त फेकी वाया जातात. चुकलेल्या चारांपैकी साधारण तीन चेंडू बचाव करणाऱ्या संघाला मिळतात, कारण ते मुळातच बास्केटच्या जवळ उभे असतात. प्रश्न असतो तो चौथ्याचा. तो चढाई करणाऱ्यांनीच परत मिळवला, तर त्यांना फेकीसाठी नव्याने 14 सेकंद मिळतात आणि बचाव करणाऱ्यांची तोवरची सगळी मेहनत पाण्यात जाते. डीन ऑलिव्हर या अमेरिकन अभ्यासकाने 2004 च्या पुस्तकात सामना जिंकण्याचे चार घटक सांगितले: नेम, चेंडू न गमावणं, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यातला पहिला सगळ्यांना दिसतो. तिसरा फळ्यावर एका आकड्यात मावतो आणि तो आकडाही अर्धंच सांगतो.

उरलेलं अर्धं काय, ते भाचीने मला घराच्या अंगणात समजावलं. रेडिओवर चित्र काढून दाखवता येत नाही, तेव्हा तुम्ही डोळ्यांपुढे आणा. समोरच्या संघातल्या कोणीतरी चेंडू फेकला. तो हातातून सुटून रिंगपर्यंत पोचायला सेकंद-दीड सेकंद लागतो. त्या वेळात मैदानावरच्या सगळ्यांच्या माना वर जातात. जिला रिबाउंड कळतो, तिची मान वर जात नाही. ती आधी आपल्या वाट्याची खेळाडू शोधते, तिला अंगाने भिडते आणि गर्रकन वळून तिच्याकडे पाठ करते. गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाय फाकलेले, हात दोन्ही बाजूंना. हाताने धरायचं नाही, ढकलायचं नाही, तसं केलं तर फाउल. फक्त तिच्या आणि बास्केटच्या मधली जागा आपली करायची. एवढं झालं, की मग वर पाहायचं. याला बॉक्स आउट म्हणतात. चेंडू कुठे पडेल याचाही अंदाज बांधता येतो. बाजूने मारलेली फेक चुकली, तर बहुतेक वेळा पलीकडच्या बाजूला जाते, आणि लांबून मारलेली लांब उसळते.

हे ऐकताना मला अम्मी आठवली. आमच्या जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही. पारनेर, पाथर्डीकडच्या गावांनी टँकरची वाट पाहण्यात उन्हाळेच्या उन्हाळे काढले आहेत. टँकर यायच्या कितीतरी आधी हंड्यांची रांग लागलेली असते. अम्मी सांगायची, टँकरचा आवाज ऐकून धावत सुटते तिचा हंडा रिकामा राहतो, हंडा आधी मांडून त्याच्याशेजारी बसते तिला पाणी मिळतं. भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "बरोबर आहे मामू. फक्त आमच्यात हंडा माझा असतो आणि पाणी दुसरीच भरून नेते."

तिचं हे वाक्य डोक्यात घेऊन मी तिच्या मोबाइलवर अमेरिकेतले सामने पाहायला लागलो. पाहायला कुठला संघ निवडायचा? मी एका मराठी आडनावावर बोट ठेवलं. मुंबईत जन्मलेले, एमआयटीत शिकलेले आणि सॉफ्टवेअरच्या उद्योगात नाव कमावलेले विवेक रणदिवे यांनी 2013 साली इतर भागीदारांसह कॅलिफोर्नियातला सॅक्रामेंटो किंग्ज हा एनबीए संघ विकत घेतला. हाच संघ ऑक्टोबर 2019 मध्ये मुंबईच्या वरळीत इंडियाना पेसर्सशी दोन सराव सामने खेळून गेला आणि दोन्ही हरला.

रणदिवे हे डोकं चालवणारे गृहस्थ. स्वतः बास्केटबॉल न खेळलेल्या या माणसाने आपल्या लेकीच्या शाळकरी संघाला शिकवायला घेतलं आणि मुलींना पूर्ण मैदानभर प्रतिस्पर्ध्यांना दाबून धरायला लावलं. साध्याशा मुलींचा तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला. माल्कम ग्लॅडवेल यांनी 2009 साली 'न्यू यॉर्कर'मध्ये ती हकीकत लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. पुढे 2014 मध्ये अशी बातमी आली, की रणदिवे यांनी एक नवी कल्पना मांडली आहे: बचावाला चौघेच ठेवायचे आणि पाचवा पलीकडच्या बास्केटखाली उभा करायचा, म्हणजे चेंडू मिळताच त्याच्याकडे लांब फेकता येईल. मुख्य संघाने ती काही स्वीकारली नाही. मी हे भाचीला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला आणि विचारलं, "चेंडू मिळताच म्हणजे? मिळवणार कोण? समोर पाच जण, अडवायला चार. एक मोकळाच राहिला की."

किंग्जची खरी कथा 2023 ची. त्याआधी सलग 16 हंगाम हा संघ बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, पोचला नव्हता. एनबीएच्या इतिहासात एवढा लांब दुष्काळ दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनी डोमांतास साबोनिस या लिथुआनियन वंशाच्या खेळाडूला घेतलं. 2022-23 च्या हंगामात त्याने सामन्यामागे सरासरी 12.3 रिबाउंड घेतले, सगळ्या एनबीएत पहिला. संघ 48 सामने जिंकून प्लेऑफला गेला. पहिल्याच फेरीत गाठ पडली गोल्डन स्टेट वॉरियर्सशी. किंग्ज घेण्याआधी रणदिवे याच संघाचे एक भागीदार होते. सहा सामन्यांत तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा सामना किंग्जच्या घरच्या मैदानावर, 30 एप्रिलला. आपल्याकडे तेव्हा 1 मे लागला होता.

मध्यंतराला किंग्ज थोडा का होईना, पुढे होता. शेवटी हरला 120 विरुद्ध 100. स्टीफन करीने 50 गुण केले, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वर्तमानपत्रं करीच्या नावाने भरली. त्यात चूक काही नाही. पण भाचीने मला तो सामना दाखवला, तेव्हा करीकडे बघूच दिलं नाही. "पाच नंबरकडे बघा," म्हणाली. पाच नंबर म्हणजे केव्हॉन लूनी. त्याने त्या दिवशी 21 रिबाउंड घेतले, त्यातले 10 आपल्याच संघाच्या चुकलेल्या फेकींवर. त्या मालिकेत तीन सामन्यांत त्याने विसाच्या घरात किंवा वर रिबाउंड घेतले. एनबीएतला पहिल्या क्रमांकाचा रिबाउंडर समोरच्या संघात असताना!

हा लूनी काही उंच उडणारा नव्हे. कारकिर्दीच्या सुरुवातीलाच त्याच्या दोन्ही खुब्यांवर शस्त्रक्रिया झालेल्या. 2015 च्या ज्या निवडीत पंजाबच्या सतनाम सिंगला 52 व्या क्रमांकावर घेतलं गेलं आणि भारतात जन्मलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचं नाव झालं, त्याच निवडीत लूनी 30 वा होता. मी तो सामना दोनदा पाहिला. चेंडू हवेत असताना लूनी चालत असतो. हो, चालतच. दोन पावलं आत, एक पाऊल बाजूला, खांदा कोणाच्या तरी पुढे. चेंडू खाली येतो तेव्हा तो तिथे आधीच उभा असतो, आणि किंग्जचे दोघं-तिघं मान वर करून त्याच्या मागे.

साबोनिसचा यात दोष किती? मला वाटतं, फारसा नाही. एकाने बारा-तेरा रिबाउंड घेतले म्हणजे संघ रिबाउंडमध्ये भक्कम होतोच असं नाही. चौघे जण 'तो घेईल' म्हणून वर बघत राहिले, तर पाचव्याच्या पाठीमागून कोणीतरी आत शिरतंच. साबोनिस 2023-24 आणि 2024-25 मध्येही रिबाउंडमध्ये पहिला आला. त्या दोन्ही वर्षी किंग्ज प्लेऑफपर्यंत पोचला नाही. त्याला दुसरीही कारणं होती, सगळं रिबाउंडवर ढकलू नये.

उलट बाजूचं उदाहरण ओक्लाहोमा सिटीचं. 2016-17 मध्ये रसेल वेस्टब्रूक या बुटक्या म्हणाव्या अशा खेळाडूने (एनबीएच्या मानाने बुटका, नाहीतर सहा फूट तीन इंच!) सरासरी 10.7 रिबाउंड घेतले आणि मोठं नाव झालं. त्यातले पुष्कळसे चेंडू त्याला मोकळे मिळाले, कारण स्टीव्हन अ‍ॅडम्स नावाचा न्यूझीलंडचा धिप्पाड गडी समोरच्याला पाठीने रेटून धरत होता. अ‍ॅडम्सच्या नावावर त्या चेंडूंचं काहीच लागलं नाही. आता एनबीए बॉक्स आउटही वेगळे मोजते. आपल्याकडे कॉलेजच्या सामन्यात गुणलेखकाच्या वहीत गुण आणि फाउल एवढंच.

शेवटी आम्ही दोघांनी तिच्या मैत्रिणींनी मोबाइलवर घेतलेले सामने लावले आणि मोजत बसलो. समोरचा संघ फेक चुकला, की भाचीने जिला अडवलं तिला चेंडू मिळाला का, एवढाच प्रश्न. कागदावर रेघा मारत गेलो. दोन संध्याकाळी लागल्या. ईदच्या तयारीत असलेली माझी बहीण दोनदा येऊन बघून गेली, की हे मामा-भाची करतात तरी काय. मग मी अर्ज लिहिला. एकही विशेषण घातलं नाही. कवीला ते किती जड जातं, ते कवींनाच विचारा. फक्त रेघांचे आकडे, सामन्याची तारीख आणि एक ओळ: सोबत चित्रीकरण जोडले आहे.

यादी बदलली नाही. मुदत उलटली होती, असं तोंडी कळलं. मात्र अर्जाची एक प्रत तिने तिच्या कॉलेजच्या सरांनाही दिली होती. सरांनी काही बोलून दाखवलं नाही. पुढच्या सामन्याला त्यांनी गुणलेखकाच्या वहीत फाउलच्या रकान्याशेजारी पेन्सिलने एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलं, 'अडवले'. त्या दिवशी मीही कठड्याशी उभा होतो. भाचीच्या नावापुढे त्या रकान्यात 14 लागले. ती म्हणते, 16 झाले होते, दोन लिहायचे राहिले.