बांडगूळ नव्हे, रास्ना

अमरावतीच्या राजापेठेत फुलांच्या दुकानातल्या बुकेत जांभळी ऑर्किडं खोचलेली दिसतात. ती डेंड्रोबियम गटातली, लागवडीची संकरित फुलं. तीच रोज डोळ्यांसमोर येत असल्यानं ऑर्किड म्हणजे परमुलखातलं, गारव्यात जपायचं नाजूक फूल, असं आपल्या मनात बसलं आहे. पण वऱ्हाडातल्या जुन्या आमराईत, मोहाच्या किंवा बाभळीच्या फांदीवर एक अस्सल ऑर्किड आपल्या आजोबा-पणजोबांच्या आधीपासून राहतं आहे. तिचं नाव रास्ना. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञानं १७९५ मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली. आज तिला वंडा टेसेलाटा म्हणतात.

आपण मात्र तिला बांडगूळ समजतो आणि कोयत्यानं छाटून टाकतो. हा तिच्यावर अन्याय आहे. खरं बांडगूळ झाडाच्या सालीतून आत शिरतं आणि त्याचं पाणी ओढून घेतं. रास्ना झाडाकडून फक्त जागा घेते. तिची मुळं सालीला वरवर बिलगतात किंवा सरळ हवेत लोंबतात. अन्न ती स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करते. आंबा वाळत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं.

मग मातीशिवाय, पंचेचाळीस अंशांच्या मे महिन्यात ती जगते कशी? मला तिचं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते इथेच. तिच्या मुळांवर मृत पेशींचं पांढरट, सच्छिद्र आवरण असतं. पावसाची सर आली की ते क्षणात पाणी शोषून घेतं आणि ओलं झालं की आतला हिरवा रंग दिसू लागतो. हे मिळवलेलं पाणी राखण्याची रीत तर आणखी अचाट. बहुतेक झाडं दिवसा पानांची सूक्ष्म छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वेळी पाणी गमावतात. रास्ना ती छिद्रं मुख्यतः रात्री उघडते. घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा, दारं बंद ठेवून, सूर्यप्रकाशात त्याचं अन्न करते. निवडुंग आणि घायपातही हेच करतात. जाड, पन्हाळीसारखी दुमडलेली पानं याच काटकसरीसाठी.

फूल जवळून बघावं. पिवळसर हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेघांची जाळी, मधली पाकळी निळसर जांभळी, आणि मंद सुवास. बहुतेक ऑर्किडांप्रमाणे इथेही कळी उमलताना देठ अर्धा वळसा घेतो, त्यामुळे ही खास पाकळी खाली येते आणि कीटकाला उतरायला जागा होते. परागकण सुटे नसतात, त्यांचे गोळे असतात. ते चिकट बुडानं कीटकाच्या अंगाला चिकटतात. पुढच्या फुलापर्यंत पोचले तर एकदम हजारो बिया, नाही तर सगळंच वाया. चार्ल्स डार्विनला या रचनेनं इतकं झपाटलं, की १८६२ मध्ये त्यानं त्यावर पूर्ण पुस्तक लिहिलं.

बिया मात्र धुळीसारख्या. ज्वारीच्या दाण्यात रोपासाठी शिदोरी असते, हिच्या बीत जवळजवळ काहीच नसतं. विशिष्ट बुरशी आत शिरून अन्न पुरवेल तेव्हाच ते रुजतं. नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकानं १८९९ मध्ये हे ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या आगरवर, बुरशीशिवाय, बिया रुजवून दाखवल्या. दुकानातली स्वस्त ऑर्किडं त्याच वाटेनं आली. रानात ती सोय नाही. म्हणून फांदीवर दिसणारी प्रत्येक रास्ना असंख्य बियांतून तगलेली असते.

मेळघाटातलं चिखलदरा राजापेठेपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि मेळघाटात जमिनीवर उगवणारी ऑर्किडंही आहेत. त्यांतल्या नर्व्हिलियाचा क्रम उलटा: पहिल्या पावसात आधी फूल येतं, ते सरल्यावर एकच पान. ऑगस्टमध्ये फक्त पान बघणाऱ्याला ही ऑर्किड आहे यावर विश्वास बसत नाही. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथलं रोप उपटून आणणं गुन्हा आहे, आणि मुळाभोवतीची बुरशी सुटल्यावर ते कुंडीत जगेल याचीही आशा कमीच.

कोयत्याखेरीज रास्नेला दुसरा धोका औषधाचा. संधिवातावरच्या काढ्यांतली रास्ना कोणती, यावर वैद्यांत प्रांतोप्रांती मतभेद आहेत. बंगालकडे हीच ऑर्किड वापरतात, उत्तरेत वेगळंच झुडूप. पण नाव एक असल्यानं मुळांसाठी हिलाही ओरबाडलं जातं.

मृगाआधीच्या वावधानात शेतातल्या आंब्याची फांदी मोडली आणि तिच्यावर रास्ना असेल, तर ती काडीकचऱ्यात जाऊ देऊ नका. शेजारच्या आंब्याच्या खोडाला, अर्ध्या सावलीत, सुतळीनं बांधा. माती, शेण, खत काही लावायचं नाही. पावसाळ्यात नवी मुळं सालीला धरू लागतात. त्यांनी पक्की पकड घेतली की सुतळी सोडून टाका.