कंपनीत लागण्याआधी: नगरच्या एमआयडीसीविषयीचे सहा गैरसमज

आयटीआयचा निकाल लागला की पारनेर, श्रीगोंदा, राहुरीकडच्या घरांत एकच विषय निघतो: पोरगं कंपनीत चिकटेल का? कंपनी म्हणजे नागापूरची एमआयडीसी, नाहीतर सुपा. सत्तरच्या दशकात नगरमध्ये कायनेटिकची लुना बनू लागली, तेव्हापासून तिसरी पिढी या गेटांतून आत जाते आहे. आज जिल्ह्यात स्विचगियर, मोटारी, बॅटऱ्या, एसी असं बरंच काही तयार होतं.

इथल्या कामगारांना आवडणाऱ्या गोष्टी ऐकाव्यात: ठरल्या तारखेला पगार, गावाजवळून जाणारी बस, कँटीनचं जेवण, दिवाळीचा बोनस, शिवाय घरची शेती सांभाळता येते. न आवडणाऱ्याही ठरलेल्या: बदलत्या पाळ्या, दिवसभर उभं राहणं, टार्गेटचा तगादा, आणि सगळ्यांत वर, उद्या कामावर असू की नाही ही धास्ती. कष्टाला नगरची माणसं भीत नाहीत. खचवते ती अनिश्चितता, आणि चुकीच्या समजुतींमुळे ती आणखी वाढते.

गैरसमज: टेक्नॉलॉजीची कंपनी म्हणजे कॉम्प्युटरसमोर बसायचं काम.

वस्तुस्थिती: लाईनवरचं काम हाताचं आणि नजरेचं असतं. घरातल्या एमसीबीचंच घ्या. तिच्यात दोन धातूंची एक पातळ पट्टी असते. प्रवाह वाढला की ती तापून वाकते आणि स्विच पाडते. ती नेमकी केव्हा वाकावी, हे एका बारीकशा स्क्रूनं जुळवतात आणि मग चाचणीच्या बाकावर पारखतात. एसीच्या कारखान्यात तांब्याच्या नळ्यांचे सांधे ब्रेझिंगनं जोडतात. सांध्यात कणभर गळती राहिली तर ग्राहकाच्या घरी गॅस निघून जातो. हे कसब अंगी आलं की त्याचा अभिमान वाटतो, आणि दुसऱ्या कारखान्यातही ते उपयोगी पडतं. पण आठ तास तीच हालचाल करायची असते, हे आधीच माहीत असावं.

गैरसमज: गेटवर पाटी ज्या कंपनीची, तीच आपली मालक.

वस्तुस्थिती: एकाच लाईनवर शेजारी शेजारी उभे असलेले चार जण चार वेगळ्या नात्यांनी काम करत असू शकतात: एक पर्मनंट, एक ठरावीक मुदतीचा, एक अप्रेंटिस आणि एक ठेकेदाराचा. काम सारखंच दिसतं, पण पगार, रजा आणि बोनस वेगळे असतात. मनाला सर्वांत जास्त लागतो तो हाच फरक. म्हणून नेमणूकपत्रावर सही कोणाची आहे, हे आधी पाहावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि लेखी नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे.

गैरसमज: ठेकेदाराच्या माणसाला कसले आलेत हक्क?

वस्तुस्थिती: किमान वेतन, पीएफ आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) त्यालाही आहेत. ठेकेदारानं पगार थकवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. कंपनीनं नंतर ती रक्कम ठेकेदाराकडून वसूल करायची. ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. मुदतीच्या करारावर थेट कंपनीनं घेतलेल्या कामगाराला नव्या संहितेनुसार एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळते. पूर्वी त्यासाठी पाच वर्षं लागत.

गैरसमज: पगारातून कापलं ते गेलं.

वस्तुस्थिती: समजा, एकूण पगार 18,000 रुपये आहे आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 15,000. त्यावर 12 टक्के म्हणजे 1,800 रुपये पीएफ. ईएसआयसीचे 0.75 टक्के म्हणजे 135. पुरुष असेल तर व्यवसायकराचे साधारण 200. हातात 15,865 रुपये येतात. नव्या मुलांचा पहिल्या महिन्यातला हिरमोड इथे होतो. पण कंपनीही पीएफसाठी तितकेच 1,800 रुपये भरते. त्यांपैकी 1,250 पेन्शन खात्यात जातात आणि 550 पीएफमध्ये. ईएसआयसीत कंपनीचा वाटा 3.25 टक्के, म्हणजे कामगाराच्या चौपटीहून जास्त. त्यातून कुटुंबाचे उपचार होतात, आणि पुरेसे दिवस भरलेले असतील तर आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते.

खरं नुकसान पुढे होतं. सहा-सात महिन्यांनी ब्रेक मिळतो, म्हणजे काम थांबतं, आणि अनेक जण पीएफ आणि पेन्शनची रक्कम काढून मोकळे होतात. मोबाइलचा हप्ता फिटतो, पण सेवेची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. दरमहा पेन्शन मिळायला एकूण दहा वर्षांची सेवा लागते. ठेकेदार बदलला तरी पीएफचा यूएएन क्रमांक तोच राहतो आणि जुनी सेवा त्याला जोडता येते. तुकड्यातुकड्यांनी केलेली नोकरीही अशी दहा वर्षांची होऊ शकते. पैसे काढण्याआधी एवढा विचार करावाच.

गैरसमज: मालक बदलला की नोकरी गेली.

वस्तुस्थिती: नगरनं हे डोळ्यांसमोर पाहिलं आहे. लार्सन अँड टुब्रोचा इलेक्ट्रिकल व्यवसाय, त्यातला नगरचा स्विचगियर कारखाना धरून, ऑगस्ट 2020 मध्ये श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला. मोटारी बनवणारी सीजी पॉवर त्याच वर्षी मुरुगप्पा समूहाच्या ताब्यात आली. व्यवसाय विकला गेला, तर सेवा अखंड धरून निदान आधीच्याइतक्या चांगल्या अटींवर कामगाराला पुढे घ्यावं, नाहीतर नुकसानभरपाई द्यावी, असं कायदा सांगतो. बदलाची भीती स्वाभाविक आहे. पण अशा वेळी घाईनं राजीनामा लिहून देणाऱ्याचं संरक्षण हातचं जाऊ शकतं.

गैरसमज: लाईनवरचं काम मुलींसाठी नाही.

वस्तुस्थिती: बारीक जुळणी आणि चाचणीच्या कामांवर देशभरातल्या इलेक्ट्रॉनिक्स आणि विद्युत कारखान्यांत मुली मोठ्या संख्येनं आहेत. महाराष्ट्रानं 2015 मध्ये कायदा बदलून स्त्रियांना कारखान्यात रात्रपाळीची मुभा दिली, ती सुरक्षेच्या अटींवर. नव्या संहितेत त्यांची संमतीही लागते. 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे. ज्या गोष्टीनं मुली नोकरी सोडतात ती वेगळीच असते: थांब्यापासून घरापर्यंतचा अंधारा रस्ता, किंवा तोंडाळ सुपरवायझर. मुलीला घरी बसवून यातलं काहीच सुटत नाही. बस दारापर्यंत आणावी लागते आणि तक्रार समिती जागी ठेवावी लागते.

तेव्हा रुजू होण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. नेमणूक कोणाकडून आणि किती मुदतीची? मूळ वेतन किती? यूएएन आणि ईएसआयसीचा क्रमांक कधी मिळेल? ओव्हरटाइमची नोंद पगारपावतीवर येते का? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही, आणि उत्तर देणं ही कंपनीची मेहेरबानी नाही. पहिल्याच दिवशी हे सगळं मराठीत, कागदावर मिळायला हवं. जो कारखाना ते देईल, त्याला चांगली माणसं टिकत नाहीत ही तक्रार फारशी करावी लागणार नाही.