एका बाटलीतले लाख कोटी

दर सेकंदाला सहा टन. जगात टोमॅटो पिकतो तो या वेगाने. वर्षाचा हिशेब साधारण 19 कोटी टनांचा, त्यातले दोन कोटी टन एकट्या भारताचे. भारताचा हा माल दहा टनी ट्रकांत भरायचा तर रोज साडेपाच हजार ट्रक लागतील, तेही वर्षभर, दिवाळीचीसुद्धा सुट्टी न घेता. एवढा माल असूनही भावाला स्थैर्य नाही. 2023 च्या जुलैत देशातल्या अनेक शहरांत टोमॅटो किलोला शंभराच्या आणि काही ठिकाणी दोनशेच्याही पुढे गेला. सप्टेंबरात नाशिक भागातल्या शेतकऱ्यांच्या हातात तीन ते पाच रुपये पडत होते. ग्राहकाचा जुलैतला भाव आणि शेतकऱ्याचा सप्टेंबरातला, यांत तब्बल चाळीसपट तफावत! आणि या दोन कोटी टनांपैकी कारखान्यात जाऊन रस, प्युरी किंवा केचप होणारा माल एक टक्काही नाही.

यवतमाळ जिल्ह्यातला आमचा दिग्रस तालुका कापूस-सोयाबीनचा. इथे टमाट्यांचे डोंगर लागत नाहीत. पण हिवाळा सरताना आठवडी बाजारात ते स्वस्त होतात, तेव्हा दहा किलो घरी आणून त्यांचा रस बाटल्यांत भरून ठेवणे कुणालाही जमण्यासारखे आहे. एक लिटर रसाला दीड किलोच्या थोडे वर टमाटे लागतात, म्हणजे दहा किलोंचा रस सव्वासहा लिटरच्या आसपास.

या रसात पाणीच 94-95 टक्के. नियमाप्रमाणे टोमॅटोच्या रसात विरघळलेले घनपदार्थ किमान 5 टक्के हवेत, प्युरीत 9 आणि पेस्टमध्ये 25. म्हणजे एक किलो पेस्टसाठी पाच किलो रसातले चार किलो पाणी वाफ करून उडवायचे. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या आठपट तेच पाणी पूर्ण आटवायला लागते. गॅसच्या टाकीचा भाव डोळ्यांसमोर ठेवला तर घरी रसच बरा.

रस काढण्यातही घाई हवी. टमाटा चिरला की त्यातली विकरे लगेच कामाला लागतात आणि रसाला दाटपणा देणारे पेक्टिन तोडतात. मग बाटलीत खाली गाळ आणि वर पिवळट पाणी असे दोन थर दिसतात. म्हणून सगळे टमाटे आधी चिरून ठेवायचे नाहीत. पहिले अर्धा किलो चिरून थेट गरम गंजात टाकायचे, डावाने ठेचत उकळी आणायची आणि उकळी न मोडता बाकीचे थोडे थोडे चिरून त्यात सोडायचे. शिजलेला लगदा पुरणयंत्रातून फिरवला की साली आणि बिया वर राहतात, दाट लाल रस खाली उतरतो.

खरे चक्रावणारे आकडे सुरू होतात ते इथून पुढे. मातीत क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम नावाचा जीवाणू असतो. हवा नसेल तिथे तो वाढतो, आणि उकळून बंद केलेल्या बाटलीत हवा जवळजवळ नसतेच. त्याचे विष पोटात जाऊन सत्तर किलोच्या माणसाचा जीव जायला अंदाजे 70 मायक्रोग्रॅम पुरतात. बारीक मिठाचा एक कण जवळपास तेवढ्याच वजनाचा. या हिशेबाने एका ग्रॅमात चौदा हजार माणसे! चव, वास, रंग यांवरून विष ओळखता येईलच असे नाही.

या जीवाणूचे बीजाणू साध्या उकळीने मरत नाहीत. कमी आंबट अन्न डबाबंद करताना कारखान्यांचा निकष असा, की एक लाख कोटी बीजाणूंपैकी एखादाच उरावा. प्रत्येक बाटलीत एक बीजाणू धरला, तर जगातल्या 800 कोटी माणसांना प्रत्येकी 125 बाटल्या वाटूनही एकाच बाटलीत जिवंत बीजाणू सापडेल. हे साधायला 121 अंश सेल्सिअसला अडीच मिनिटे पुरतात. 100 अंशांना मात्र साडेपाच तासांच्या जवळपास लागतात. त्यात यवतमाळ समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर उंच. तिथे पाणी 98.5 अंशांनाच उकळते, म्हणजे सात तासांच्याही पुढे! नुसता दीड अंश कमी, पण दोन तासांचा फरक.

सात तास गॅस कोण जाळणार? सुदैवाने टोमॅटोच्या बाबतीत ही वेळ येत नाही, कारण तो आंबट आहे. माती परीक्षण करून घेणाऱ्या शेतकऱ्याला सामू (pH) ठाऊक असतो. विदर्भातल्या काळ्या मातीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ, टोमॅटोचा सव्वाचारच्या आसपास. सामू एका अंकाने कमी म्हणजे आम्लता दहापट. म्हणजे ज्या मातीत झाड उभे असते, तिच्यापेक्षा त्याच्या फळाचा रस हजारो पटींनी आम्लधर्मी. सामू 4.6 च्या खाली असला की तो बीजाणू रुजत नाही, विषही तयार होत नाही. मग लाख कोटींची लढाई लढायलाच नको.

पण टोमॅटो या सीमेच्या फार जवळ राहतो. 4.3 आणि 4.6 मध्ये नुसत्या 0.3 चा फरक, तरी आम्लता निम्मी होते. काही जाती आणि फार पिकलेली फळे सीमा ओलांडतातही. 2012 मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला, त्यात पाचव्या गुणसूत्राचे काम भारताकडे होते. जनुके निघाली जवळपास 35 हजार, माणसात ती वीस हजारांच्या आसपास. इतक्या जनुकांच्या खेळात जातीगणिक साखर आणि आम्ल दोन्ही बदलतात. गोडवा आंबटपणा झाकून टाकतो, म्हणून जिभेवर ठेवून सामू कळत नाही.

यावर उपाय अगदी लहान आहे. लिटरभर रसाला लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) अर्धा चहाचा चमचा, किंचित वरच. ताज्या लिंबाच्या आंबटपणाचा भरवसा नसतो, म्हणून सत्त्वच बरे. उकळता रस गरम काचेच्या बाटलीत भरताना वर बोटभर जागा सोडायची, नवे झाकण लावायचे आणि झाकणावर दोन बोटे पाणी राहील अशा बेताने उकळत्या पाण्यात बाटली ठेवायची. आपल्याकडच्या उंचीला लिटरच्या बाटलीला 45 मिनिटे लागतात, आणि ती मोजायची पाण्याला पुन्हा खळखळून उकळी फुटल्यापासून. बाटली निवली की आत निर्वात होते. सात सेंटिमीटर रुंद झाकणावर बाहेरच्या हवेचा एकूण दाब 35 किलोंच्या पुढे असतो. आतला दाब घटला की हीच हवा झाकण आत दाबून घट्ट बसवते.

लिंबूसत्त्व अंदाजाने घालू नका आणि 45 मिनिटांची 30 करू नका. काही महिन्यांनी एखाद्या बाटलीचे झाकण फुगलेले किंवा सैल दिसले, तर त्या रसाची चवसुद्धा न घेता बाटली टाकून द्या. दीड किलो टमाट्यांचे नुकसान परवडते.